इंजिनाचा श्वास आणि खानदेशची धूळ

७ मार्च १९४२. भूमध्य समुद्रातून निघालेल्या 'ईगल' या ब्रिटिश विमानवाहू नौकेवरून पंधरा स्पिटफायर विमाने माल्टा बेटाकडे झेपावली. स्पिटफायर हे त्या युद्धातले सर्वांत देखणे विमान मानले जाई. या पंधरांच्या नाकाखाली मात्र हनुवटी सुजल्यासारखा एक बेढब फुगवटा होता. तो होता 'व्होक्स' कंपनीचा हवा गाळणारा फिल्टर. इंग्लंडच्या हिरव्या धावपट्ट्यांवर त्याची गरज कधी पडली नव्हती. माल्टा, इजिप्त, लिबिया येथे त्याच्यावाचून चालणार नव्हते.

मूळ रचनेत नसलेला एक भाग इंजिनाच्या श्वासनलिकेवर बसवला की काय होते, याचे हे इतिहासातले एक उत्तम नोंदलेले उदाहरण. जळगाव आणि धुळ्याच्या गॅरेजांमध्ये आज जो प्रश्न वारंवार ऐकू येतो, "बाहेरचा फिल्टर बसवला आणि गाडी मिसिंग करायला लागली," तो प्रश्न वाळवंटातल्या त्या फिटरांना ओळखीचा वाटला असता. म्हणून आजचा हा धागा: इंजिनाच्या श्वासाचा इतिहास, खानदेशच्या बाजूने पाहिलेला. थोडा लांब आहे, आणि मधे थोडे गणितही आहे.

आधी त्या विमानांचे काय झाले ते पाहू. व्होक्स फिल्टरमुळे वाळू अडली, इंजिन वाचले. पण तो फुगवटा वाऱ्याला अडवत होता आणि इंजिनाकडे जाणाऱ्या हवेच्या वाटेतही अडथळा होता. विमानाचा वेग आणि वर चढण्याचा दर दोन्ही घटले. शत्रूचे मेसरश्मिट आधीच वरचढ असताना वैमानिकांना हे कसे रुचावे? फिल्टर काढून टाकला तर वेग मिळतो, पण सिलिंडर झपाट्याने झिजतात. ठेवला तर इंजिन टिकते, पण वैमानिक टिकेल याची खात्री नाही.

यावर तोडगा निघाला तो इजिप्तमधल्या अबुकीर येथे, रॉयल एअर फोर्सच्या १०३ क्रमांकाच्या देखभाल तुकडीत. तिथल्या कारागिरांनी स्थानिक पातळीवर एक लहान, सुबक फिल्टर घडवला. तो आजही 'अबुकीर फिल्टर' या नावाने ओळखला जातो. आणि पुढच्या आवृत्त्यांत, विशेषतः स्पिटफायर मार्क ८ मध्ये, फिल्टर मूळ रचनेतच सामावून घेण्यात आला. धूळ नसेल तेव्हा हवा थेट आत घेण्याची सोयही त्यात होती. म्हणजे बाहेरून जोडलेल्या भागाचा प्रश्न अखेर मूळ आराखड्याच्या टेबलावरच सुटला. हा क्रम लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडेल.

जाता जाता एक नोंद. त्याच वाळवंटात मराठी सैनिकही होते. जून १९४२ मध्ये तोब्रुक पडले तेव्हा मराठा लाइट इन्फन्ट्रीची दुसरी बटालियन ११ व्या भारतीय ब्रिगेडबरोबर तिथे लढत होती. त्या रणभूमीवरच्या प्रत्येक ट्रकला आणि रणगाड्याला धूळ हा दुसरा शत्रू होता.

आता खानदेशाकडे वळू. १८१८ मध्ये पेशवाई संपल्यावर कॅप्टन जॉन ब्रिग्ज याने धुळ्याला आपले मुख्य ठाणे केले. मुंबई-आग्रा रस्ता याच गावावरून जातो. १८६० च्या दशकात रेल्वे भुसावळमार्गे पुढे सरकली, आणि त्याच दशकात अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे कापसाचे भाव चढले तेव्हा खानदेशची काळी जमीन जगाच्या बाजारपेठेला जोडली गेली. १९०६ मध्ये जिल्ह्याचे पूर्व आणि पश्चिम खानदेश असे दोन भाग झाले. आज आपण त्यांना जळगाव आणि धुळे म्हणतो, आणि १९९८ पासून पश्चिमेकडचा नंदुरबार वेगळा आहे. गाड्यांच्या पाट्यांवर हे विभाजन अजून वाचता येते: एम.एच. १८ धुळे, एम.एच. १९ जळगाव, एम.एच. ३९ नंदुरबार.

या भूगोलात इंजिनाच्या दृष्टीने तीन गोष्टी महत्त्वाच्या. पहिली, तापी, गिरणा आणि पांझरा यांच्या खोऱ्यांतली बारीक माती आणि वाळू. दुसरी, उन्हाळा, मे महिन्यात जळगाव-भुसावळ पट्ट्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो, हे कुणाला सांगायला नको. तिसरी, अवजड वाहतूक. मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर हे दोन मोठे मार्ग धुळ्यात एकमेकांना छेदतात. रावेर-यावलच्या केळीचे ट्रक, जिनिंगकडे निघालेल्या कापसाच्या गाड्या, ऊसवाले ट्रॅक्टर हे सगळे याच रस्त्यांवर. सुरत-नागपूर मार्गावर फागणे ते तरसोद या टप्प्याचे चौपदरीकरण रेंगाळले तेव्हा धुळे-जळगाव प्रवास करणाऱ्यांनी रस्त्याकडेच्या उखडलेल्या मातीचा जो अनुभव घेतला, तो त्यांच्या एअर फिल्टरनेही घेतला.

धूळ इंजिनाला नेमके काय करते? वाळूतला मुख्य घटक क्वार्ट्झ. कठीणपणाच्या मोहस मापनात त्याचा क्रमांक ७. पिस्टनच्या रिंगा आणि सिलिंडरची भिंत यांच्यामध्ये तेलाचा जो पातळ थर असतो, त्याची जाडी काही मायक्रॉनच असते. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉनचा. मोठे खडे तिथे शिरतच नाहीत. घात करतात ते डोळ्यांना न दिसणारे, ५ ते २० मायक्रॉनचे कण. ते तेलात मिसळतात आणि तेलाची घासणीची पेस्ट होते. मग रिंगा जातात, कॉम्प्रेशन घटते, इंजिन ऑइल पिऊ लागते, आणि एक दिवस मिस्त्री सांगतो, "इंजिन उतरवावे लागेल." हे सारे हळूहळू घडते. म्हणून धुळीवर संशय उशिरा येतो.

आणि हवा लागते तरी किती? एक किलो पेट्रोल नीट जळण्यासाठी सुमारे १४.७ किलो हवा लागते. एक लिटर पेट्रोलचे वजन पाऊण किलोच्या आसपास. हिशेब केला तर एका लिटर पेट्रोलमागे इंजिन साधारण ९,००० लिटर हवा ओढते. टाकीत पस्तीस लिटर भरले की तीन लाख लिटरहून अधिक हवेचा हा व्यवहार आहे. धुळ्याजवळच्या एखाद्या कच्च्या वळणरस्त्यावर ट्रकच्या मागे अडकलात, तर त्या हवेबरोबर आणखी काय येते याची कल्पना करा.

हा प्रश्न जगात सर्वांत आधी ज्यांना गंभीरपणे छळू लागला ते ट्रॅक्टरवाले शेतकरी. मोटारी शहरातल्या रस्त्यांवर फिरत. ट्रॅक्टर तर धूळ उडवण्यासाठीच जन्मलेला. अमेरिकेत १९१५ च्या सुमारास फ्रँक डोनाल्डसन नावाचा एक विक्रेता युटा राज्यातल्या एका शेतकऱ्याकडे गेला. त्या शेतकऱ्याच्या ट्रॅक्टरचे इंजिन पुन्हा पुन्हा निकामी होत होते. डोनाल्डसनच्या लक्षात आले की इंजिन धूळ पीत आहे. त्याने तारेच्या सांगाड्यावर कापड गुंडाळून एक गाळणी केली आणि हवेचे तोंड धुळीच्या ढगाहून उंच नेले. उपाय चालला. पण कंपनीला वाटले, या माणसाने आपल्या ट्रॅक्टरमध्ये दोष असल्याची कबुलीच दिली. त्याला कामावरून काढण्यात आले. त्याच वर्षी त्याने फिल्टर बनवण्याचा स्वतःचा व्यवसाय सुरू केला. ती कंपनी आजही आहे. ट्रॅक्टरच्या बॉनेटवर उभी दिसणारी हवेची नळी पाहिली की मला हा नोकरी गमावलेला विक्रेता आठवतो.

त्यानंतर आला 'ऑइल बाथ'. खानदेशातल्या जुन्या मिस्त्रींचा हा लाडका विषय. एका डब्यात तळाशी इंजिन ऑइल. हवा वरून वेगाने खाली येते, तेलाच्या पृष्ठभागावर आपटून एकदम वळते. हवा वळू शकते, जड धूलिकण वळू शकत नाहीत, ते तेलात अडकतात. उरलेसुरले वरच्या तारेच्या जाळीत. विलीज जीपमध्ये हाच क्लीनर होता, आणि १९४० च्या दशकाच्या अखेरीस महिंद्रांनी ती जीप मुंबईत जोडायला घेतली तेव्हा तोही तिच्याबरोबर आपल्या रस्त्यांवर आला. ट्रॅक्टरवर तो होता, ट्रकवर होता. विहिरींवर धडधडणाऱ्या डिझेल इंजिनांची देशी परंपराही याच काळातली. किर्लोस्कर ऑइल इंजिन्स ही कंपनी पुण्यात १९४६ मध्ये स्थापन झाली आणि तिच्या इंजिनांनी महाराष्ट्रातल्या कित्येक मळ्यांना पाणी पाजले.

ऑइल बाथचे मोठेपण असे की तो कुणालाही समजत असे. डबा उघडा, तळातला चिखल काढा, रॉकेलने धुवा, खुणेपर्यंत नवे तेल भरा. त्यात किती गाळ साचला हे डोळ्यांना दिसे. त्याचा दोष असा की इंजिन मंद चालू असताना हवेचा वेग कमी, म्हणून गाळण्याची ताकदही कमी. १९५० च्या दशकापासून घड्या घातलेल्या कागदाचा फिल्टर पसरत गेला तो याचसाठी. कागद मंद आणि वेगवान, दोन्ही हवा सारख्याच निष्ठेने गाळतो. त्याचे वैशिष्ट्य चमत्कारिक आहे: थोडा मळलेला कागद कोऱ्या कागदापेक्षा अधिक बारीक धूळ अडवतो, कारण अडकलेली धूळच गाळणीचे काम करू लागते. दर आठवड्याला कॉम्प्रेसरने फिल्टरवर जोरात हवा मारणारे आपले काही उत्साही मित्र म्हणून त्याचे भले करत नाहीत. जवळून मारलेल्या झोताने कागदाला सूक्ष्म छिद्रे पडू शकतात.

आता सुती फिल्टरची कथा. कापसाच्या मुलखातल्या वाचकांना तिच्यात विशेष रस असावा. कॅलिफोर्नियातल्या रिव्हरसाइड येथे केन जॉन्सन आणि नॉर्म मॅकडोनाल्ड या दोघांनी १९६९ मध्ये शर्यतीच्या मोटारसायकलींसाठी तेल लावलेल्या सुती जाळीचा फिल्टर काढला. दोघांच्या आडनावांच्या आद्याक्षरांवरून 'के अँड एन' असे नाव पडले असे तुम्ही समजाल, तर तसे नाही. ती अक्षरे केन आणि नॉर्म या नावांची. तत्त्व जुनेच: कापसाचे तंतू विरळ, म्हणून हवेला अडथळा कमी, तंतूंवर चिकट तेल, म्हणून धूळ अडकते. धुऊन पुन्हा वापरता येतो. शर्यतीत एक-दोन टक्के ताकदही मोलाची, आणि इंजिन शर्यतीनंतर उघडले जाणारच असते.

ही कल्पना शर्यतीच्या मैदानावरून सार्वजनिक रस्त्यावर आली तेव्हा दोन गोष्टी बदलल्या होत्या. एक, रस्त्यावरच्या गाडीचे इंजिन शर्यतीनंतर कुणी उघडत नाही. त्याने दीड-दोन लाख किलोमीटर निमूट चालावे अशी अपेक्षा असते. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची: इंजिनाला दरम्यान मेंदू फुटला होता.

मारुती ८०० डिसेंबर १९८३ मध्ये पहिल्या ग्राहकाच्या हाती पडली. तिच्यात कार्ब्युरेटर होता. कार्ब्युरेटर हवा मोजत नाही. वाहत्या हवेच्या दाबाच्या फरकाने पेट्रोल आपोआप खेचले जाते. फिल्टर बदलला तर मिस्त्री स्क्रू फिरवून किंवा जेट बदलून मिश्रण कानाने जुळवत असे. जर्मनीतल्या बॉश कंपनीने १९७३ च्या सुमारास 'एल-जेट्रॉनिक' आणले, त्यात हवेच्या झोताने हलणारी झडप हवेचे माप घेई. १९८० च्या दशकाच्या आरंभी त्या झडपेची जागा तापलेल्या तारेने घेतली. तार विजेने तापवलेली असते, वाहती हवा तिला थंड करते. ती तापलेली ठेवण्यासाठी किती वीज लागली त्यावरून किती हवा गेली हे कळते. हाच 'मास एअरफ्लो सेन्सर', गॅरेजच्या भाषेत 'मॅफ'. १ एप्रिल २००० पासून आपल्याकडे 'इंडिया २०००' ही प्रदूषण मानके आली आणि कार्ब्युरेटरच्या मोटारींचे दिवस भरले. २०१७ मध्ये बी.एस. ४ आणि १ एप्रिल २०२० पासून बी.एस. ६ देशभर लागू झाले. प्रत्येक पायरीवर हवेचे माप अधिकाधिक नेमके होत गेले. सर्वच गाड्यांत मॅफ नसतो, हेही सांगितले पाहिजे. अनेक छोट्या पेट्रोल गाड्या नळीतल्या दाबावरून, म्हणजे 'मॅप' सेन्सरवरून हवेचा अंदाज बांधतात. आपल्या गाडीत काय आहे हे न पाहता इंटरनेटवरचा उपाय करणे म्हणजे मोडी वाचता न येता बखरीवर मत देणे.

आता तो गॅरेजमधला प्रश्न. मूळ डबा काढून उघडा शंकूसारखा फिल्टर आणि नवी नळी बसवली. आता गाडी उभी असताना आयडलिंग वर-खाली होते, पिकअप गेला, डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागला. कुठून सुरुवात करावी?

धुळ्याच्या वाचकांना उत्तर परिचित असायला हवे. इतिहासाचार्य राजवाडे यांचे निधन धुळ्यात झाले, ३१ डिसेंबर १९२६ रोजी, आणि त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ पुढच्या वर्षी तिथेच उभे राहिले. राजवाड्यांचा आग्रह एकच: अस्सल कागद पाहा. नकल, ऐकीव गोष्ट, शाहिराची अतिशयोक्ती नंतर. इंजिनाच्या बाबतीत अस्सल कागद दोन. एक म्हणजे कंपनीने दिलेला मूळ डबा आणि नळी. दुसरा म्हणजे संगणकाने नोंदवलेले दोषांक.

आपल्याकडे पहिली चूक होते ती इथे. दिवा लागला की बॅटरीची वायर काढून दहा मिनिटे ठेवायची. दिवा जातो, सगळे खूश. हे दप्तर जाळण्यासारखे आहे. संगणकाने जे नोंदवले आणि जे शिकून ठेवले, ते सारे पुसले जाते. आधी स्कॅनर लावून दोषांक लिहून घ्यावेत, मगच काय पुसायचे ते पुसावे. पी०१७१ म्हणजे मिश्रणात पेट्रोल कमी, हवा जास्त. पी०१०१ म्हणजे मॅफचे माप अपेक्षेशी जुळत नाही. पी०११३ बहुधा हवेच्या तापमानाचा सेन्सर तुटल्याचे किंवा जोडायचाच राहिल्याचे सांगतो.

मग मूळ डबा परत बसवून पाहावा. त्रास गेला तर दोष नव्या जोडणीत. त्रास तसाच राहिला तर फिल्टर निर्दोष आहे आणि खरा गुन्हेगार दुसराच आहे: जुने प्लग, मळलेली थ्रॉटल बॉडी, मरू घातलेली कॉइल. दोन गोष्टी एकामागून एक घडल्या म्हणून पहिली दुसरीचे कारण ठरत नाही, हे इतिहासाच्या विद्यार्थ्याला वेगळे शिकवायला नको.

समजा दोष नव्या जोडणीतच निघाला. सर्वांत नेहमीचे कारण गळती. मॅफच्या पुढे, म्हणजे मॅफ आणि इंजिन यांच्यामध्ये, कुठे क्लॅम्प सैल असेल, नळीला चीर असेल, किंवा इंजिनाच्या वाफा परत नेणारी ब्रीदरची छोटी नळी जोडायची राहिली असेल, तर न मोजलेली हवा आत शिरते. संगणक मोजलेल्या हवेपुरतेच पेट्रोल देतो आणि मिश्रण दुबळे होते. याची खूण अशी: आयडलिंग खराब, पण रेस वाढवली की इंजिन सुधारते. कारण मंद गतीत चोरून आलेल्या हवेचे प्रमाण मोठे असते. भरपूर हवा वाहू लागली की तेवढीच चोरी नगण्य होते. उलट आयडलिंगला ठीक आणि चढावर, कन्नड घाटात वगैरे, दम टाकत असेल तर संशय मॅफवर घ्यावा.

मॅफचे दुखणे दोन प्रकारचे. धुतल्यानंतर सुती फिल्टरला कुणी सढळ हाताने तेल लावले की त्याचे तुषार तापलेल्या तारेवर बसू शकतात. तारेवर थर जमला की माप चुकते. फिल्टर बनवणाऱ्यांचे म्हणणे असे की तेल योग्य मात्रेत असेल तर तारेला धोका नाही. तेही खरे मानू. पण ती मात्रा सांभाळणारा हात प्रत्येक वेळी असतोच असे नाही. मॅफसाठी मिळणाऱ्या खास द्रावणाने, तारेला काहीही न टेकवता, सफाई करता येते. कार्ब्युरेटर क्लीनर किंवा कापसाचा बोळा तिथे नेऊ नये.

दुसरा प्रकार गणिताचा आहे आणि मला तो अधिक रंजक वाटतो. मॅफ साऱ्या हवेला स्पर्श करत नाही. ती तार नळीतल्या थोड्याशा हवेचा कल पाहते आणि नळीचा व्यास ठाऊक असल्याने बाकीची गृहीत धरते. मूळ नळी आतून ६० मिलिमीटरची होती आणि तुम्ही ७० मिलिमीटरची बसवली, तर छेदाचे क्षेत्रफळ ३६ टक्क्यांनी वाढले. तेवढीच हवा आता संथ वाहते. संगणक अजून ६० चीच नळी समजतो, आणि हवा प्रत्यक्षापेक्षा सुमारे २६ टक्के कमी मोजतो. ऑक्सिजन सेन्सरच्या मदतीने संगणक पेट्रोल वाढवून ही तूट भरू पाहतो, पण त्या दुरुस्तीलाही मर्यादा असते. अनेक गाड्यांत ती पंचवीस टक्क्यांच्या आसपास. मर्यादा संपली की पिवळा दिवा. इथे फिल्टर उत्तम असेल, क्लॅम्प घट्ट असतील, तरी दुखणे जाणार नाही. नळीच बदलावी लागेल. शंकू थेट मॅफच्या तोंडाशी बसवला तरी प्रवाह घुसळला जाऊन माप डळमळते.

डिझेल गाड्यांची तऱ्हा निराळी. तिथे मॅफचे मुख्य काम धूर नियंत्रित करणे, इंजिनात परत सोडल्या जाणाऱ्या धुराचे प्रमाण ठरवणे. माप चुकले की काळा धूर, किंवा संगणक स्वतःच ताकद आवळून घेतो. आणि फिल्टर व टर्बो यांच्यामधली नळी सैल असेल तर धूळ गाळल्याशिवाय टर्बोच्या पात्यांवर जाते. ती पाती मिनिटाला लाखाच्या आसपास फेरे घेतात. तिथे वाळू काय करील ते सांगायला नको.

आता खानदेशाचा खास मुद्दा: ऊन. कंपनीचा मूळ डबा बहुधा बाहेरून, पुढच्या जाळीमागून हवा घेतो. उघडा शंकू बॉनेटखालची हवा घेतो. बाहेर ४५ अंश आणि बॉनेटखाली ७० अंश धरले तर त्या हवेची घनता सुमारे सात टक्क्यांनी कमी. म्हणजे अडथळा कमी करून जे कमावले त्याहून अधिक उष्णतेने गमावले, हे उघड शक्य आहे. 'कोल्ड एअर इंटेक' असे नाव लिहिलेला आणि गरम हवा पिणारा फिल्टर मे महिन्यात जळगावच्या वाहतुकीत उभा असतो, तेव्हा त्याच्या आवाजाने मालकाला गाडी जोरात पळते असे वाटते. आवाज वाढला हे मात्र खरे; मूळ डब्याचे एक काम आवाज गिळणे हेही होते. काहींनी यावर उपाय म्हणून तोंड खाली बंपरजवळ नेले. उन्हाळ्यात ते ठीक. पावसाळ्यात पाणी साचलेल्या पुलाखालून गाडी नेली आणि त्या तोंडाने पाणी ओढले, तर पाणी दाबले जात नाही. वाकतो तो कनेक्टिंग रॉड.

कायद्याचेही पाहून घेऊ. मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२: नोंदणीपत्रातला तपशील मूळ उत्पादकाच्या तपशिलाहून वेगळा होईल असा बदल करता येत नाही. ९ जानेवारी २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने या कलमाचा अर्थ कडक लावला, आणि त्याच वर्षीच्या दुरुस्तीने परवानगी नसलेल्या बदलांसाठी मालकाला प्रत्येक बदलामागे पाच हजारांचा दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्हींची तरतूद आली. साध्या फिल्टरचा उल्लेख नोंदणीपत्रात नसतो, त्यामुळे मूळ डब्यात बसणारा सुती फिल्टर आणि अख्खी श्वासनलिका बदलणे यांत फरक करावा लागतो. वॉरंटीच्या दाव्याच्या वेळी मात्र हा फरक सेवा केंद्राला पटवण्याची तयारी ठेवा.

माझे मत विचाराल तर या प्रदेशात, रोजच्या गाडीवर, मूळ डबा आणि चांगला कागदी फिल्टर यांना पर्याय नाही. हौस असेल आणि बाहेरचा फिल्टर ठेवायचाच असेल, तर पारोळा-एरंडोल बाजूची एखादी धुळीची फेरी झाली की फिल्टरच्या मागची, म्हणजे इंजिनाकडची नळी उघडा. आतून स्वच्छ पांढरे फडके फिरवा. फडके कोरे निघाले तर फिल्टर आपले काम करतो आहे. त्यावर तपकिरी रेघ उमटली, तर तेवढी माती गाळणी ओलांडून आत गेली आहे. त्या दिवशी गाडी घरी नेण्याआधी मूळ डबा परत चढवा, आणि पुढच्या सर्व्हिसची वाट न पाहता इंजिन ऑइल बदलून घ्या.